फेऱ्याला दोन कळा

या वर्षी बंदरावरून निरोप आला की लांब दोर आता नकोत. होड्या लहान झाल्या, त्यांना निम्म्या लांबीचा दोर पुरतो. मोठ्या बोटींना नायलॉन लागतो आणि तो कारखान्यातून येतो. निम्म्या लांबीचे दोर द्या, पण दुप्पट नग द्या, आणि वारं फिरायच्या आत द्या. निरोप आला तसा तिच्या नवऱ्यानं दोन दिवस जुन्या दोरांचा हिशोब केला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तुझं नि आईचं भागेल एवढंच काम आहे हे. मी बोटीवर जातो." आणि गेला. तिला तेव्हा पाचवा महिना लागला होता.

तो गेल्यावर तिनंच पहार घेऊन शेवटचा खुंट उपटला आणि पट्टीच्या मध्यावर आणून ठोकला. सासू चाकापाशी बसून बघत होती.

"तिरका ठोकलास," एवढंच म्हणाली.

पट्टी म्हणजे घरामागची लांबलचक अरुंद जमीन, तीन पिढ्यांच्या पायांनी तुळतुळीत झालेली. तिच्या एका टोकाला चाक होतं. सासू चाक फिरवी. सून कमरेभोवती वाखाचा भारा गुंडाळी, त्यातल्या तंतूंचं टोक चाकाच्या आकड्यात अडकवी आणि उलट पावली मागं मागं जाई. चिमटीतून तंतू सुटत, चाकाचा पीळ त्यांना बसे आणि तिच्यापुढं सूत लांबत जाई. पाठ खुंटाला टेकली की एक फेरा झाला. अशी सुतं मग एकत्र वळून त्यांचा दोर व्हायचा. चाकाच्या घरघरीत हाक ऐकू जात नसे, म्हणून बोलणं सुतावरूनच चाले. एक ओढा म्हणजे हळू. दोन ओढे म्हणजे थांब. चाकाकडून उलट एक ओढा आला की समजायचं, कळलं, मी आहे. ती लग्न होऊन या घरात आली त्या पहिल्या आठवड्यात सासू तिच्याशी तोंडानं जेवढं बोलली, त्याच्या दसपट सुतावरून बोलली. पुढंही त्यात फारसा फरक पडला नाही.

सातव्या महिन्यापासून वाखाचा भारा कमरेला बसेना. तो ती पोटाच्या खाली बांधू लागली. मग तिथंही काचू लागला, तेव्हा खांद्यावरून तिरका घेतला. बाळ आतून लाथ मारी आणि वरचा भारा हलताना दिसे. अशा वेळी कुणाला तरी दाखवावं असं तिला फार वाटे. समोर नजर टाकली तर पट्टीच्या त्या टोकाला सासू खाली मान घालून चाक फिरवत असे. आता ते टोक पहिल्यापेक्षा निम्म्यानं जवळ आलं होतं, तरी जवळ वाटत नसे.

तिची स्वतःची आई ती लहान असतानाच गेली होती. त्यामुळे विचारायला होती ती एकच बाई.

"आई, किती दुखतं हो?" एकदा भारा सोडता सोडता तिनं विचारलं.

"दुखतं तेवढं दुखतं."

"म्हणजे किती?"

"मोजायला कोण बसलंय? तुझा वाख सैल सुटतोय आज. चिमूट आवळ."

शेजारची शिंपीण मात्र न विचारता सांगायची. मशीन चालवता चालवता कुंपणावरून तिचं सुरू होई. "माझ्या थोरल्याच्या वेळी तर दीड दिवस! दाईचा हात चावला मी. अजून वण दाखवते मेली. आणि आमचे हे बाहेर बसून विचारतात, जेवणाचं काय करायचं?" मग तीच पोट धरून हसायची. हिला हसू येत नसे. ती घरात येऊन कोपऱ्यातल्या खाटेवर पडे आणि छताच्या पत्र्याचे खिळे मोजी.

आठव्या महिन्यात तपासणीला गेली तेव्हा दवाखान्यात गर्दी नव्हती. सिस्टर पन्नाशीची, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेली. तिनं पोट चाचपलं, ठोके ऐकले आणि म्हणाली, "सगळं ठीक आहे. काही विचारायचंय?"

"विचारू?"

"मग काय घरी जाऊन विचारणार?"

तिच्या तोंडून एकदम निघालं, "मला भीती वाटते."

सिस्टरनं कानातली नळी काढून टेबलावर ठेवली. "पहिलटकरीण ना? वाटायचीच. बस. सांगते, नीट ऐक. आधी कंबर दुखेल, पाळीसारखं. कधी कळ येईल, कधी जाईल. पोट फळीसारखं टणक होईल आणि मग सैल पडेल. त्या सैल पडण्याच्या वेळात श्वास घ्यायचा, पाणी प्यायचं, चालायचं. नुसतं पडून राहू नकोस. पहिल्या खेपेला बारा तास, सोळा तास, सहज लागतात. म्हणून पहिल्या कळेला धावत येऊ नकोस, मी परत पाठवीन. पण पाणी गेलं, नाहीतर अंगावर लाल जायला लागलं, तर एक मिनिट थांबायचं नाही. आणि कळा दर पाच मिनिटांनी यायला लागल्या की निघायचं. कळलं?"

"आणि दुखू नये म्हणून काही... शिंपीणबाई म्हणत होत्या, पाठीत सुई देतात."

"ती मोठ्या इस्पितळात. तिला वेगळा डॉक्टर लागतो, इथं नाही मिळत. इथं आहे ती मांडीतली." सिस्टर जरा थांबली. "खोटं सांगत नाही. दुखणं त्यानं जात नाही, लांब जातं. शेजारच्या घरात कुणाला तरी दुखतंय, असं वाटतं. पण ती मधल्या वेळात द्यायची असते. अगदी शेवटी दिली तर बाळ गुंगीत जन्माला येतं, श्वास घ्यायला आळस करतं. म्हणून वेळेवर ये."

शेजारच्या घरात. ते शब्द तिनं घट्ट धरून ठेवले.

"आणि बरोबर एकीला आत येता येतं," सिस्टर म्हणाली. "पाठ चोळायला, हात धरायला. कोण येईल?"

"सासूबाई."

"घड्याळ आहे ना घरात?"

घरातलं एकुलतं एक घड्याळ नवऱ्याच्या मोबाइलमध्ये होतं, आणि मोबाइल बोटीवर. घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा सासूला ती अडचणच वाटली नाही. "घड्याळ कशाला? फेरा म्हणजे दहा मिनिटं. शाळेच्या घंटेवर धरून पाहिलंय मी, एकदा नाही, शंभर वेळा. फेऱ्याला दोन कळा आल्या की पाच मिनिटं झाली. निघायचं."

हिशोब चोख होता. दोघींनाही तो पटला.

"आणि तुम्ही आत याल ना माझ्याबरोबर?"

सासू चाकाच्या कण्याला तेल घालत होती. तिनं एक थेंब जास्तच घातला, तो फडक्यानं पुसला आणि उठून आत गेली.

नवव्या महिन्याच्या शेवटाला दोर द्यायचे दिवस आणि बाळाचे दिवस एकमेकांत मिसळले. रविवारी दूधवाल्याच्या फोनवर नवऱ्याचा फोन येई. दूधवाला टेम्पो चालू ठेवूनच फोन तिच्या हातात देई, त्यामुळे निम्मं बोलणं इंजिनात जाई. "सुट्टी मिळत नाही गं," तो म्हणाला. "जपून." ती हो म्हणाली. जपून म्हणजे काय करायचं, हे विचारेपर्यंत फोन तुटला.

त्या दिवशी पहाटेच कंबर धरली. आदल्या संध्याकाळपासून अंग जड होतंच. तिनं सासूला सांगितलं. सासूनं तिच्या पोटावर पालथा हात ठेवला, कळ येऊन जाईपर्यंत ठेवला आणि काढून घेतला.

"लागली आहे. पण वेळ आहे. चालायला सांगितलंय ना त्या बाईनं?"

"हो."

"मग चाल. चालायचंच आहे तर हात तरी रिकामे कशाला?"

त्यात सासूचा दुष्टपणा नव्हता. तिला रिकामे हात कधी कळलेच नव्हते. सुनेनंही वाद घातला नाही. एकटीनं खाटेवर पडून कळेची वाट बघण्यापेक्षा पट्टी बरी. तिनं वाख खांद्यावर घेतला.

पहिल्या चार-पाच फेऱ्यांत मिळून दोन कळा आल्या. ऊन वर आलं तशी फेऱ्याला एक येऊ लागली. कळ आली की ती दोन ओढे द्यायची. चाक थांबायचं. ती गुडघ्यांवर हात टेकून वाकायची, सिस्टरनं सांगितल्यासारखा नाकानं श्वास आत घेऊन तोंडानं फुंकर घातल्यागत सोडायची. घाम नाकाच्या शेंड्यावरून सुतावर पडायचा. चाकाकडून एक ओढा यायचा, कळलं, मी आहे. कळ ओसरली की ती मान हलवायची, चाक फिरायला लागायचं.

"फेऱ्याला किती?" खुंटावरून परत आली की सासू विचारी.

"एकच."

"अजून अवकाश आहे. पहिलटकरणीचं असंच असतं."

एका फेऱ्यात तिला उलटी झाली. दुसऱ्या एकात पाय असे थरथरायला लागले की तिला वाटलं जमीनच हलतेय. शिंपीण कुंपणापाशी आली आणि बघून म्हणाली, "अहो, हिला न्या की! तोंड बघा कसं झालंय." सासू म्हणाली, "फेऱ्याला दोन होऊ देत. लवकर गेलं तर परत पाठवतात." शिंपिणीला फेऱ्याचं काही कळत नव्हतं. ती आपली दूधवाल्याला निरोप धाडायला गेली.

आणि मग एका फेऱ्यात दोन आल्या. दुसरी तर पहिली पुरती ओसरायच्या आतच आली. तिनं दोन ओढे दिले आणि खाली बसली. सासू चाक सोडून आली. पण आधी तिनं अर्धवट सूत ताणून खुंटाला बांधलं, पीळ उतरू नये म्हणून. गाठ मारायला तिला वेळ लागला. तेवढा वेळ सून जमिनीवर बसून सासूच्या पाठीकडे बघत राहिली.

टेम्पोत रिकाम्या कॅनच्या मधे गोधडी घातली होती. "वहिनी, घट्ट धरून बसा," दूधवाला म्हणाला. "सांडलं तर दुधाचं ठीक आहे, तुमचं नको!" स्वतःच्या विनोदावर तो एकटाच हसला, आरशात तिचा चेहरा दिसल्यावर गप्प झाला आणि नंतर एकही खड्डा त्यानं चुकवल्याशिवाय सोडला नाही.

दवाखान्यात सिस्टरनं तिला आडवं केलं. "कधीपासून? किती वेळानं येतात?"

"फेऱ्याला दोन," सासू म्हणाली.

"म्हणजे?"

"पाच मिनिटांनी."

सिस्टरनं तपासलं. मग तपासत असतानाच मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, एक कळ गेली, दुसरी आली. "कसली पाच मिनिटं, आजी? अडीचसुद्धा नाहीत. जवळजवळ पूर्ण उघडलंय हे. कुठं होतात इतका वेळ?"

"सुई," ती म्हणाली. "सिस्टर, ती सुई."

"आता नाही देता यायची, बाळा. वेळ गेली ती."

सासू भिंतीपाशी उभी होती. तिचे ओठ हलत होते, फेरे मोजताना हलायचे तसे. मग ते थांबले. "खुंट," ती पुटपुटली. "अगं, खुंट मध्यावर आलाय. फेरा निम्मा झालाय."

ते सुनेला ऐकू आलं. पहार हातात घेऊन तिनं स्वतःच तो खुंट हलवला होता, तिरका का होईना. त्यावर रागवायला तिला उसंत मिळाली नाही.

"चला आजी, आत या. हात धरा हिचा," सुनेला प्रसूतीच्या खोलीत नेता नेता सिस्टर म्हणाली.

सासू दारापर्यंत आली. आतली लोखंडी खाट तिनं पाहिली आणि उंबऱ्यावर तिचा पाय अडला. "मी नाही येत आत," ती म्हणाली. "मला नाही जमायचं."

"आई," सुनेनं हाक मारली.

सासूनं कमरेची सुताची गुंडी सोडली. ती नेहमी तिच्या कमरेला असायची. गुंडी उलगडत ती बाहेरून वळसा घालून खिडकीशी आली आणि हात उंचावून एक टोक गजांशी धरलं. "हे तिच्या हातात द्या. ओढ गं पोरी. मी इथं बाहेरच आहे."

सिस्टरनं चष्म्यावरून पाहिलं. गजांतून सूत आत घेतलं आणि तिच्या मुठीत दिलं.

खिडकी उंचावर होती. पडल्या जागेवरून आभाळाचा तुकडा आणि पानं दिसत, माणूस दिसत नसे. कळ आली, तिनं ओढलं. बाहेरून एक ओढा आला. कळलं, मी आहे. पुढच्या कळेला पुन्हा आला. तिला तो हात ओळखीचा होता, शेवटी किंचित झटका देणारा. त्या झटक्यावर ती एकेक कळ ओलांडत गेली.

मग दुखणं बदललं. खाली असा दाब आला की तिला वाटलं आपण मधोमध चिरतोय. ती ओरडली. इतकी मोठ्यानं ओरडली की तो आवाज आपला आहे हे तिला पटेना. सिस्टर म्हणत होती, "ओरड, हरकत नाही, पण जोर खाली लाव. आता कुशीवर हो. आता थांब, नुसती धापा टाक." ती सूत ओढत होती. बाहेरून ओढा येत होता, प्रत्येक वेळी. आता तो मऊ होता, संथ होता, झटका नव्हता त्यात. सासू दमली असेल, असं तिला वाटलं. तेवढ्यातही तिला बरं वाटलं की ती सोडून गेली नाही.

दुपार कलताना मुलगी झाली. आधी निळसर, मग एकदम लाल. रडली तेव्हा सिस्टरनं घड्याळ बघून कागदावर वेळ लिहिली.

टाके घालायच्या आधी सिस्टरनं तिथं एक बारीकशी सुई दिली. "आता बधिर होईल," म्हणाली. सुई मिळाली एकदाची, तिच्या मनात आलं, आणि तिला हसावं की रडावं कळेना. मुठीत अजून सूत होतं. तिनं दोन ओढे दिले. थांब, संपलं. बाहेरून तोच मऊ ओढा आला. ती पुन्हा ओढत राहिली, उगाच, आनंदानं.

फरशी पुसणारी मावशी बादली घेऊन आत आली. "सिस्टर, खिडकीबाहेरच्या झाडाला कुणी दोरी बांधलीय हो? कोवळी फांदी आहे, सारखी खालीवर होतेय. मोडेल ना!"

"बाहेर त्या आजी असतील बघ."

"बाहेर कुणी नाही. एक म्हातारी मघाशी दिसली, ती लांब फाटकाबाहेर. कानावर हात घेऊन बसली होती."

तिनं मूठ उघडली. तळव्यावर लाल रेघ उठली होती. सूत खाटेवरून घसरलं आणि खिडकीच्या गजावरून हळूहळू बाहेर निघून गेलं.

वॉर्डात चार खाटा होत्या, तीन रिकाम्या. मुलगी कापडात गुंडाळून शेजारी निजवली होती. पंखा फिरत होता आणि फिरताना चाकासारखाच घरघरत होता. ती भिंतीकडे तोंड करून पडली. अंगात कुठं दुखत नव्हतं अशी जागा नव्हती, पण आता ते दुखणं साधं होतं, घरातल्या ओळखीच्या माणसासारखं. दुसरं काहीतरी होतं, त्याला सुई नव्हती.

भेटायच्या वेळेला सासू आली. खाटेपासून लांब स्टुलावर बसली. नातीकडे पाहिलं, हात लावला नाही.

"नाक त्याच्यासारखं आहे," ती म्हणाली.

"हो."

मग सून म्हणाली, "ओढा येत होता."

सासूनं मान खाली घातली. हातावरचा वाखाचा एक तंतू ती ओढत राहिली, तो निघेना. "फांदीला बांधलं होतं मी," ती म्हणाली. "पहिले चार-पाच ओढे माझे. मग बांधलं."

"माहीत आहे."

"तुझं ओरडणं ऐकवेना. आणि सूत सोडवेना."

"खुंट मी हलवला होता."

"फेरा मी मोजला होता."

एवढ्यावर ते मिटलं नाही, पण तिथं थांबलं. मुलीनं जांभई दिली. मग सुनेनं दोन महिन्यांपूर्वीचा प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी तिच्याकडे तोंड करून.

"आई, तुम्हाला किती दुखलं होतं?"

सासू म्हणाली, "तुझा नवरा पट्टीवर झाला. तुला नाही सांगितलं कुणी. त्यालाही माहीत नाही." ती थांबत थांबत बोलत होती, प्रत्येक वाक्य कुठून तरी उपटून आणल्यासारखं. "चाकावर माझी सासू होती. मी खुंटाशी पोचले होते. जुना खुंट, शेवटचा. नव्वद पावलं. पाणी गेलं तसे मी दोन ओढे दिले. तिनं चाक थांबवलं. तिला वाटलं, वाख अडकलाय. तिचा एक ओढा आला. कळलं, मी आहे. मी पुन्हा दोन दिले. पुन्हा एक आला. समोर दिसत होती मला ती. बसून होती. तिला उठून यावंसं वाटलं नाही आणि मला चालवेना. मग माझ्या हातातून सूत सुटलं. सगळा पीळ उतरला त्याचा, भुर्रकन. पोरगं रडत होतं आणि मी त्या उसवलेल्या सुताकडे बघून रडत होते. आता ही काय म्हणेल म्हणून."

तिनं डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडेच होते.

"किती दुखलं ते आठवत नाही," ती म्हणाली. "नव्वद पावलं आठवतात."

सुनेनं हात लांब केला. तो स्टुलापर्यंत पोचत नव्हता. सासूनं त्या हाताकडे पाहिलं, तळव्यावरची लाल रेघ पाहिली. मग उठली, स्टूल फरशीवरून कर्रकर्र ओढत आणलं आणि खाटेला भिडवून ठेवलं.

दारात सिस्टर उभी होती. "आजी, भेटायची वेळ संपली."

"संपू दे," सासू म्हणाली आणि बसली.